पिझ्झा, बर्गर आणि आपला नेम: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

टिळकवाडीत माझी खानावळ आहे. कॉलेजं सुरू झाली की नवी मुलं येतात. कुणी कोल्हापूर-गडहिंग्लजकडून, कुणी सावंतवाडीहून, कुणी निपाणी-चिकोडीच्या खेड्यांतून, कुणी खानापूरच्या जंगलपट्ट्यातून. पहिला आठवडा सगळी मुकाट्याने वरण-भात खातात. मग कुणाचा तरी वाढदिवस येतो, पिझ्झा नाहीतर बर्गर खायला जायचं ठरतं, आणि ताट वाढताना मला हळूच विचारलं जातं, "काकू, तिथलं आम्हाला चालतंय का?"

विचारणाऱ्यांत जैन असतात, माळकरी घरातली असतात, लिंगायत असतात, मुसलमान असतात, कॅम्पातल्या ओळखीने आलेली ख्रिस्ती मुलंही असतात. प्रत्येकाचा नेम वेगळा, त्यामुळे सरसकट उत्तर देता येत नाही. पण कसं शोधायचं, ते सांगता येतं.

आधी एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतरच मी या गोष्टींत नीट लक्ष घालायला लागले. चिकोडी तालुक्यातली एक जैन मुलगी माझ्याकडे जेवायला होती. सूर्यास्तानंतर ती जेवत नसे, म्हणून मैत्रिणींनी मुद्दाम संध्याकाळी पाचची वेळ ठरवली. पिझ्झाच्या दुकानात तिने स्पष्ट सांगितलं, कांदा-लसूण नको, जैन हवा. मुलगा म्हणाला, होईल. पिझ्झा आला, वर कांदा नव्हता. पहिला तुकडा उचलताना तिला लसणाचा वास आला. तिने काउंटरवर जाऊन सॉसचं पाकीट मागून घेतलं. टोमॅटो, पाणी, मीठ, साखर, आणि खाली बारीक अक्षरांत कांद्याची पावडर, लसणाची पावडर. मुलगा म्हणाला, "वरचा काढलाय की ओ." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात वरचा कांदाच होता. आतला कांदा कितीतरी मैल लांब, कारखान्यातच मिसळून आला होता. हे सगळं होईपर्यंत सूर्य मावळला होता. पोर उपाशी झोपली. मी काहीही करून दिलं असतं, पण तिची वेळ निघून गेली होती.

त्या दिवसापासून मी मुलांना एकच गोष्ट आधी समजावते. घरच्या स्वयंपाकात किंवा आपल्या गल्लीतल्या हॉटेलात जिन्नस कढईत पडायच्या आधी आपण थांबवू शकतो. देशभर शाखा असलेल्या दुकानात चव सगळीकडे सारखी यावी म्हणून सॉस, मसाला, पीठ, टिक्की हे सगळं आधीच तयार होऊन येतं. तिथला माणूस फक्त जोडतो, तळतो, भाजतो. म्हणून "हे घालू नका" म्हणण्याआधी "हे इथे घालता की घालून येतं?" हे विचारायचं.

आपला नेम आधी आपल्याला सांगता आला पाहिजे

घरी आई बघत असते, म्हणून नेम काय आहे याचा विचार आपण केलेला नसतो. "आम्ही व्हेज" एवढ्यावर भागत नाही. अंडं चालतं का? मांसाहारी पदार्थ तळलेल्या तेलातलं चालतं का? एकाच भट्टीत भाजलेलं? घरी फोन करा, आजीला विचारा, आणि कागदावर लिहून ठेवा.

मराठा घरांतल्या बऱ्याच मुलांचा नेम पदार्थाचा नसून वाराचा असतो. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मटण-कोंबडी चालते. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही. संकष्टीला नाही, श्रावणात तर नाहीच. घरात माळ असेल तर कधीच नाही. लिंगायत घरांत मांस, अंडं, दारू वर्ज्य, कांदा-लसूण बहुतेकांना चालतो.

जैनांचं सगळ्यात बारीक असतं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं ही कंदमुळं नाहीत. मध नाही. पिठालाही मर्यादा असते: पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7. कच्च्या दह्याबरोबर कडधान्य नाही, त्याला द्विदल म्हणतात. आपल्या भागात दिगंबर जैन वस्ती जुनी आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची आहे, आणि आचार्य शांतिसागर महाराज याच जिल्ह्यातल्या भोज गावचे. त्यामुळे इथल्या जुन्या दुकानदारांना 'चौविहार', म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न-पाणी काहीच न घेणं, हे फोड करून सांगावं लागत नाही. काउंटरवरच्या विशीतल्या मुलाला मात्र सांगावं लागतं. जे पीठ-पाण्याची मर्यादा पाळतात, त्यांनी या दुकानांत शोधाशोध करूच नये. आंबवलेलं, आधी मळून ठेवलेलं पीठ त्यांच्या नेमात बसतच नाही. जे फक्त कंदमुळं टाळतात, त्यांना पुढचं सगळं उपयोगी पडेल.

हिरव्या ठिपक्याला एकच प्रश्न विचारा

हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी मांसाहारी खूणही गोल ठिपक्याचीच होती. रंग ओळखता न येणाऱ्यांची पंचाईत व्हायची, म्हणून त्रिकोण आला. हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान दिसलं तर दूध-मधही नाही, ती व्हीगनची खूण.

हिरवा ठिपका एवढंच सांगतो, की आत मांस, मासा, अंडं किंवा प्राण्यापासून काढलेला पदार्थ नाही. दूध आणि मध कायद्याने त्यातून वगळलेले आहेत, म्हणून मध घातलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असतो. कांदा, लसूण, बटाटा यांबद्दल तो काहीच बोलत नाही. उपवासाबद्दल नाही, हलालबद्दल नाही. लिंगायत किंवा माळकरी मुलाचं निम्मं काम तो करतो, जैन मुलीचं पाव काम करतो.

चीजबद्दल मला नेहमी विचारतात. दूध फाडायला रेनेट लागतं आणि ते पूर्वापार वासराच्या पोटातून काढतात, हे खरं आहे. इटलीचं अस्सल पार्मेझान आजही तसंच बनतं. पण सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही असतं. अमूलच्या चीजमध्ये तेच असतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. प्राण्याचं रेनेट वापरलं तर आपल्याकडे हिरवा ठिपका लावता येत नाही. तेव्हा पाकिटावर ठिपका बघितला की चीजचा विषय मिटला. परदेशातून कुणी पिशवीतून आणलेल्या चीजला मात्र हे लागू नाही.

जिलेटिनचं थोडं जपून. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं आणि मार्शमेलो, काही मूस, चीजकेक, चघळायच्या गोळ्या यांत असतं. कॉफीच्या दुकानात काचेआडच्या गोड पदार्थांना पाकीट नसतं, फक्त नावाची पाटी असते. तिच्यावरची खूण बघा. नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या.

अ‍ॅलर्जीचा तक्ता मागा

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ज्या कंपनीच्या 10 किंवा जास्त शाखा आहेत, तिला पदार्थांचे उष्मांक आणि अ‍ॅलर्जी होऊ शकेल असे घटक गिऱ्हाइकाला कळवावे लागतात. गहू, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन हे त्यात येतात. तक्ता मेनूत असतो, भिंतीवर असतो, नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवर असतो. अंडं आणि मासा शोधायला याच्यासारखं साधन नाही. मेयोनीझमध्ये अंडं आहे का, यावर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा तक्त्यातली अंड्याची ओळ बघा, अर्ध्या मिनिटात कळतं.

कांदा-लसूण या तक्त्यात सापडणार नाहीत, कारण त्यांची गणना अ‍ॅलर्जीच्या यादीत होत नाही. त्यासाठी पाकीटच बघावं लागतं. घटकांच्या यादीत 'ओनियन पावडर', 'गार्लिक पावडर' हे शब्द असतात, आणि नुसतं 'मसाले' किंवा 'सीझनिंग' लिहिलं असेल तर विचारल्याशिवाय सोडायचं नाही. पिझ्झाचा लाल सॉस, बर्गरची टिक्की, पेरी-पेरीची भुकटी, शेजवान चटणी यांत लसूण धरूनच चाला. टिक्कीत तर बटाटाही असतो. जैन मुलांना मी सांगते, सॉसशिवाय नुसतं चीज, मका, ढोबळी मिरची असा पिझ्झा करून देतात का विचारा, आणि पावाच्या पिठातही लसूण नाही ना, हे बघा. काही कंपन्या काही शहरांत कांदा-लसणाशिवायचा वेगळा सॉस ठेवतात. पण एका गावी मिळाला म्हणून आपल्या शाखेत असेलच असं नाही.

मोबाइलवरून मागवणार असाल तर 'जैन करा' अशी चिठ्ठी टाकून निर्धास्त बसू नका. चिठ्ठी वाचली तरी सॉस तोच असणार. नव्या जागेतलं पहिलं खाणं समक्ष जाऊनच घ्या.

तेल, सुरी, भट्टी

शाकाहारी पदार्थ मांसाहारी पदार्थाच्या तेलात तळला तर ठिपका हिरवाच राहतो, आपलं मन मात्र राहत नाही. हे कसं विचारायचं, यातच सगळी गंमत आहे. "व्हेजचं तेल वेगळं आहे ना?" असं विचारलं की कुणीही "हो हो" म्हणतं. त्यापेक्षा विचारा, "चिकन कुठल्या फ्रायरमध्ये तळता?" मग तो हात करून दाखवतो. दुसरा फ्रायर दिसला तर दिसला. पिझ्झाच्या दुकानात विचारायचं ते भट्टीचं आणि कापायच्या चाकाचं. बऱ्याच ठिकाणी भट्टीचा पट्टा एकच असतो, कापायची चाकं दोन असतात. आपल्याला एवढं चालतं की नाही, ते घरून विचारून आलात ना, तिथेच त्याचं उत्तर आहे.

मॅकडोनल्ड्सने भारतात 1996 साली दिल्लीत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून इथल्या मेनूत गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलेलं नाही, आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाकाच्या जागाही वेगळ्या ठेवल्या आहेत. मोठी कंपनी म्हणजे नेम बुडालाच, असं समजून घाबरायचं कारण नाही. विचारायचं सगळीकडे.

आणि वेळ साधून विचारा. रविवारी रात्री आठ वाजता रांग लागलेली असताना कुणाला पाकीट दाखवायला सवड नसते. दुपारी तीन-चारला जा, पाळीवरच्या मॅनेजरशी बोला. निवांत वेळी विचारलं तर बहुतेक जण आत नेऊनसुद्धा दाखवतात.

हलाल बघताना

मुसलमान मुलांना दोन वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. कोंबडी कुठून आली आणि कशी कापली, ही पहिली. तिचा दाखला हलाल इंडिया किंवा जमियत उलेमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट अशा संस्था देतात. शाखेत त्याची प्रत मागता येते. बघताना कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे दोन्ही वाचा. माल पुरवणारा बदलतो, चौकट भिंतीवर तशीच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे दाखला मांसाचा असतो, बाकीच्या घटकांचा नाही. जिलेटिन, दारूचा अर्क घातलेला गोड पदार्थ, कॉफीत बुडवलेल्या केकातली रम, हे वेगळं विचारावं लागतं. यंत्राने कापलेली कोंबडी चालते की नाही यावर त्यांच्यातही दोन मतं आहेत, ते ज्याने त्याने आपल्या मौलवींना विचारावं.

याच्या उलट, अमृत घेतलेले शीख हलालचं मांस खात नाहीत. एका शीख मुलाला मी दोन वर्षं शाकाहारी डबा दिला. बाहेर गेला तरी तो शाकाहारीच घ्यायचा, आणि त्याला तेच सोपं पडायचं. ख्रिस्ती मुलांचा प्रश्न वर्षातून थोडेच दिवस असतो: राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि उपासकाळातले शुक्रवार. त्या दिवशी मांस नाही, मासा चालतो. बर्गरच्या दुकानात गेलात तर फिश बर्गर बघा.

उपवासाला फ्राइज?

आषाढी एकादशीला हा प्रश्न दरवर्षी येतो. बटाटा उपवासाला चालतो, मग फ्राइज का नाही? मुलांचं म्हणणं चुकीचं नाही, पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे तेल. ज्या तेलात फ्राइज तळतात त्यात ब्रेडचा चुरा लावलेली टिक्कीही तळली असेल, तर गहू त्यात आलाच. दुसरं मीठ. ज्यांच्या घरी उपवासाला सैंधवच लागतं, त्यांना ते मीठ चालणार नाही. तिसरं वरची भुकटी. पेरी-पेरी नको, साधे घ्या. गोठवलेल्या काही फ्राइजना कुरकुरीत राहावेत म्हणून पिठाचा पातळ थरही दिलेला असतो, तो घटकांच्या यादीत लिहिलेला असतो.

माझं मत विचाराल तर एकादशीला फ्राइजच्या मागे जाऊ नये. भाजलेले शेंगदाणे, केळी, दूध, राजगिऱ्याचा लाडू कुठल्याही दुकानात मिळतो. खानावळीत त्या दिवशी मी वरी आणि दाण्याची आमटी करतेच, शेजारच्या खोल्यांतल्या मुलांनीही यावं. आणि कुंदा आणायचा असेल तर तो दूध, खवा, साखर यांचाच असतो, तरी आपला दुकानदार दुसरं काही घालत नाही ना, हे विचारून घ्या.

मोबाइलवर फिरणारे निरोप

'अमुक कंपनीच्या फ्राइजमध्ये बीफ असतं' हा निरोप दर काही महिन्यांनी फिरून येतो. यात खरं किती ते नीट समजून घ्या. अमेरिकेत मॅकडोनल्ड्सने 1990 साली गोवंशाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल सुरू केलं, पण चवीसाठी बीफचा अर्क ठेवला. 2001 साली तिथल्या हिंदू आणि शाकाहारी लोकांनी दावा लावला, आणि 2002 मध्ये कंपनीने 1 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. ही गोष्ट अमेरिकेतली आहे. भारतातले फ्राइज तसे नाहीत, त्यांना हिरवा ठिपका आहे. पण नोकरीला आखातात किंवा अमेरिकेत जाल तेव्हा पाटी तीच दिसली तरी इथला भरवसा तिथे नेऊ नका.

दुसरा निरोप नंबरांचा. 'ई' लिहिलेला प्रत्येक नंबर म्हणजे डुकराची चरबी, असं त्यात असतं. ते चूक आहे. 621 म्हणजे आजिनोमोटो, ते साखर किंवा स्टार्च आंबवून करतात. 322 म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. 471 वनस्पतीचंही असतं, प्राण्याचंही, तिथे ठिपका बघायचा. 120 हा लाल रंग मात्र खरोखर किड्यांपासून काढतात. एवढे चार लक्षात राहिले तरी पुरे.

अय्यंगार बेकरी आणि 'शुद्ध शाकाहारी' पाट्या

कर्नाटकात गल्लोगल्ली अय्यंगार बेकरी दिसेल. नाव एक असलं तरी मालक एक नाही, ही शाखा असलेली कंपनी नव्हे. अंडं न घालण्याची परंपरा आहे, पण नाव कुणीही लावू शकतं. केक घेताना विचाराच. 'शुद्ध शाकाहारी' हॉटेलात मांसाची काळजी नाही, कांदा-लसणाची आहे. मात्र तिथे भाजी समोर होते, त्यामुळे जैन मुलांचं अशा ठिकाणी लवकर जमतं. रिकाम्या तव्यावर साधा डोसा, वेगळी खोबऱ्याची चटणी, असं सांगता येतं. इडली-डोशाचं पीठ रात्रभर आंबवलेलं असतं, ते ज्यांना चालतं त्यांनीच. सूर्यास्ताची वेळही धरा. इथे डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पदार्थ यायला अर्धा तास लागतो.

विचारायचे शब्द

बेळगाव शहरात, खानापुरात, निपाणीत मराठीत विचारलं की काम होतं. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेलात तर चार कानडी शब्द हवेत. पुस्तकातलं ईरुळ्ळी इकडे फारसं कुणी म्हणत नाही. कांदा म्हणजे उळ्ळागड्डी, लसूण म्हणजे बळ्ळोळ्ळी, अंडं म्हणजे तत्ती, तेल म्हणजे एण्णी. "उळ्ळागड्डी, बळ्ळोळ्ळी हाकब्याड्री," म्हणजे कांदा-लसूण घालू नका. "तत्ती ऐतेन्री?" म्हणजे अंडं आहे का. "एण्णी ब्यारे ऐतेन्री?" म्हणजे तेल वेगळं आहे का. शेवटचा 'री' विसरू नका, तो आपल्या 'हो'सारखा मानाचा आहे. 'री' लावून विचारलं की समोरचा माणूस थांबतो, आणि पाकीट हातात देतो.

त्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा. माझ्या खानावळीत फ्रीजच्या दारावर मुलांनी आणलेल्या अशा फोटोंच्या छापील प्रती चिकटवलेल्या आहेत, खाली तारीख लिहून. सहा महिन्यांपेक्षा जुना फोटो मी काढून टाकते, कारण कंपन्या मसाला बदलतात. ती चिकोडीची मुलगी शिकून गेली, पण सगळ्यात वरचा पहिला कागद तिने लावलेला होता. त्याची जागा आता दुसऱ्या सॉसच्या पाकिटाने घेतली आहे. त्यात कांदा नाही, लसूण नाही. मागच्या महिन्यात तो एका दुसऱ्या वर्षाच्या पोराने आणून दिला.